सात जण की साज्जण? कागदावरची मराठी तोंडात आणण्याची कृती

गोष्टींचं ध्वनिमुद्रण चालू असताना काचेच्या अलीकडे बसून उच्चार ऐकणं हे माझं काम. कानाला हेडफोन, हातात लाल पेन. सुरुवातीच्या दिवसांतली एक वाचक मला अजून आठवते. आवाज गोड, एकही अक्षर गाळणार नाही अशी शिस्त. गोष्टीतल्या आईचं वाक्य होतं, 'तुला काय पाहिजे आहे? मी घेऊन येते.' तिने प्रत्येक अक्षराला त्याचा पुरता वाटा देऊन ते वाचलं आणि ऐकताना वाटलं, तहसील कचेरीतून नोटीस आली. मीही नवखीच. 'भावना कमी पडतेय' असं सांगून मोकळी झाले. तिने भावना वाढवली, वाक्य आणखी बिघडलं. अख्खी सकाळ त्या एका पानात गेली.

दोष भावनेत नव्हताच. घरातली आई ते वाक्य 'तुला काय पाहिजेय, मी घेउन्येते' असं म्हणते. 'आहे' मागच्या शब्दात विरघळतो, 'ऊ' आखूड होतो, 'न' आणि 'ये' एकमेकांना चिकटतात. हे झालं नाही तर कितीही जीव ओतला तरी ती आई वाटत नाही. आणि हे बदल कुणी आळसाने करत नाही. चार वर्षांचं पोरही ते बिनचूक करतं, म्हणजे त्यांना नियम आहेत. ते नियम कानाने कसे पकडायचे आणि वाचताना कसे वापरायचे, ते पुढे क्रमाने सांगते. कथावाचन, निवेदन, नाटक, पॉडकास्ट, कशासाठीही चालेल. अमराठी माणसाला बोली मराठी शिकवत असाल तर याचा उपयोग जास्तच होईल, कारण पुस्तकातून 'तुम्ही काय करत आहात' शिकलेला माणूस दुकानात 'काय कर्ताय' ऐकून गडबडतो.

आधी पदपाठ, मग संहिता

नाटकाच्या किंवा मुद्रणाच्या कागदांना आपण 'संहिता' म्हणतो. व्याकरणात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ध्वनी एकमेकांच्या अगदी जवळ येणं, जोडून म्हटलं जाणं, म्हणजे संहिता. वेद पाठ करणाऱ्यांनी दोन्ही रूपं जपली: शब्द सुटे करून म्हणायचा तो पदपाठ आणि सांधे जोडून, ध्वनी बदलून म्हणायचा तो संहितापाठ. मला आमच्या कामासाठी यापेक्षा चांगली पद्धत सापडलेली नाही. आपल्या हातात येतो तो छापील कागद हा पदपाठ असतो. त्यावरून संहिता करायचं काम आपलं.

पण आधी उलटं करायचं. बोललेली संहिता घेऊन तिचा पदपाठ करायचा, म्हणजे कान तयार होतो.

घरातल्या कुणाला तरी विचारून फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. पाककृती सांगायला लावू नका, माणसं कृती सांगताना शिक्षक होतात. तक्रार सांगू द्या. मी पहिल्यांदा सासूबाईंना रेकॉर्ड केलं ते गॅसचं सिलेंडर वेळेवर न आल्याच्या विषयावर. पहिलं मिनिटभर त्या 'आठ दिवस झाले आहेत' असं आकाशवाणीसारखं बोलल्या. मग राग चढला आणि 'आड्दिवस झाले, कुणी फिर्कलं नै' सुरू झालं. पहिलं मिनिट टाकून द्या, पुढची दोन ठेवा.

आता ती दोन मिनिटं दोनदा लिहून काढा. एकदा शुद्धलेखनाप्रमाणे आणि त्याखालच्या ओळीत जसं ऐकू येतं तसं. दुसरी ओळ अवघड जाते, कारण आपला मेंदू ऐकलेलं लगेच दुरुस्त करून देतो. 'आड्दिवस' ऐकून आपण शपथेवर सांगतो की 'आठ दिवस'च म्हणाल्या. यावर एक युक्ती आहे. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते रेकॉर्डिंग उघडा, 'आठ'पासून 'दि'च्या उंबरठ्यापर्यंतचाच तुकडा निवडा आणि तेवढाच पुन्हा पुन्हा वाजवा. पुढचा शब्द काढून घेतला की मेंदूला दुरुस्ती करायला आधार उरत नाही आणि स्वच्छ 'आड्' ऐकू येतं. ज्यांना डोळ्यांनीही बघायचं असेल त्यांनी प्रात (Praat) वापरावं. हा प्रोग्रॅम ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी केलेला आहे, तोही फुकट आहे. त्यात आवाजाच्या चित्रात तळाशी एक काळसर पट्टा दिसतो, तो स्वरतंतू कंप पावत असल्याची खूण. 'आठ' सुटा म्हटला की 'ठ'च्या जागी पट्टा तुटतो. 'आड्दिवस'मध्ये तो पट्टा सलग जातो.

बुडालेला अ

सगळ्यात आधी याच्याकडे बघायचं, कारण इथे चुकलात तर पुढचं काही वाचवत नाही.

देवनागरीत 'अ' व्यंजनात मुरलेला असतो. तो दिसत नाही, म्हणून गेला तरी कळत नाही. 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. शेवटी जोडाक्षर असेल तर 'अ' तगतो: शब्द, रक्त, मित्र. इथपर्यंत कुणी चुकत नाही. गंमत मधल्या 'अ'ची आहे. हे तीन शब्द मोठ्याने म्हणा: उघड, उघडा, उघडतो. पहिल्यात 'घ'चा अ नीट ऐकू येतो. दुसऱ्यात 'उघ्डा' होतं, तो अ गेला. तिसऱ्यात 'उघड्तो', म्हणजे 'घ'चा अ परत आला आणि 'ड'चा गेला.

हिशेब शब्दाच्या शेवटाकडून मागे करायचा. एखाद्या अ-च्या पुढे एकच व्यंजन असेल आणि त्या व्यंजनाला स्वर असेल, मागेही एकटं व्यंजन आणि त्याआधी स्वर असेल, तर तो अ बुडतो. एक बुडाला की त्याच्या लगतचा तगतो, नाहीतर व्यंजनांचा ढीग होईल. लांब शब्दात मग एकाआड एक बुडतात. कणकवली म्हणून बघा: 'कण्कव्ली'. समजला, 'समज्ला', पण समजावलं, 'सम्जाव्लं'. दगड, पण 'दग्डाला'. माणूस, पण 'माण्साला'. इथे ऊ-चा आधी अ झाला, तेवढं लेखनात आलं, मग तो अ-ही गेला, ते आलं नाही.

नियम अडतो तो उपसर्गापाशी. 'असमान वाटणी' हे शब्द एका निवेदकाने नियमाला धरून 'अस्मान वाटणी' असे वाचले आणि जमिनीच्या वादाची बातमी थेट आभाळाला जाऊन भिडली. 'अ' हा उपसर्ग आहे आणि 'समान' हा वेगळा शब्द आहे, म्हणून मधल्या सांध्यावर 'स'चा अ जपायचा. असे शब्द कमी असतात; आधीच शोधून त्या अक्षराखाली टिंब द्या.

ओवी-अभंग गाताना, संस्कृत श्लोक म्हणताना हे बुडालेले अ पुन्हा वर येतात. ज्यांचं पाठांतर चांगलं झालेलं असतं त्यांची गद्य वाचतानाही तीच सवय राहते आणि 'क-र-तो' असं वजनदार मराठी ऐकू येतं. अशा लोकांना मी एकच सांगते, तो परिच्छेद आधी शेजारणीला फोनवर सांगा आणि मग वाचा.

शब्दांच्या सांध्यावर

शाळेत व्यंजनसंधी शिकवतात: सत् अधिक जन, सज्जन. सत् अधिक गुरू, सद्गुरू. पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि समजतो की हे संस्कृतचं प्रकरण आहे. मग जेवायला बसताना म्हणतो, 'साज्जण आहोत, ताटं मांड'. सात जण, साज्जण. सात गाड्या, 'साद्गाड्या'. तोच नियम रोज तोंडात चालू असतो, फक्त मराठीने तो लिहिलेला नाही.

पुढचा ध्वनी घोष (स्वरतंतू कंपवणारा) असेल, म्हणजे ग, ज, ड, द, ब यांच्यापैकी किंवा त्यांचे महाप्राण (घ, झ, ढ, ध, भ), तर मागचा अघोष (कंप नसलेला) ध्वनी त्याच्यासारखा होतो. एक गोष्ट, 'एग्गोष्ट'. पोट दुखतंय, 'पोड्दुखतंय'. पाच जण, 'पाज्जण'. उलटंही होतं, 'आग पेटली' भरभर म्हटलं तर 'ग'चा 'क' होण्याकडे कल असतो. पण संस्कृतचे सगळे नियम आपण उचललेले नाहीत. संस्कृतात पुढे स्वर आला तरी बदल होतो, जगत् आणि ईश मिळून जगदीश. मराठीत 'सात आणे'चं 'सादाणे' कुणी करत नाही, 'साताणे' होतं. तसंच वाक् आणि मय यांचं वाङ्मय झालं तरी 'एक मुलगा'चा 'एङ्मुलगा' होत नाही. म्हणून संधीचा तक्ता घेऊन बसू नका. स्वतःचं बोलणं ऐका.

अनुनासिकांचं मात्र पक्कं आहे. अनुस्वार कसा वाचायचा ते आपल्याला कुणी न सांगता येतं: 'संप'मध्ये म्, 'संत'मध्ये न्, 'खंड'मध्ये ण्, 'शंख'मध्ये ङ्. पुढच्या व्यंजनाची जागा बघून नाक आपली जागा ठरवतं. शब्दाच्या आत चालतं तेच शब्दांच्या मधे: दोन पोळ्या, 'दोम्पोळ्या'. तीन महिने, 'तीम्महिने'. पान काढ म्हणताना 'न'साठी जीभ दातांकडे जायचीच नाही, ती आधीच 'क'च्या जागी मागे गेलेली असते. आरशासमोर 'दोन पोळ्या' म्हणा. ओठ 'न'लाच मिटलेले दिसतील. पुढे य, र, ल, व, श, स, ह असेल तर अनुस्वाराची खास मराठी तऱ्हा निघते, 'संशय'चा 'सौंशय' आणि 'सिंह'चा 'सिंव्ह'.

एकच व्यंजन दोनदा आलं तर ते दोनदा फुटत नाही. 'बस सुटली' यात एकच लांब 'स्स'. 'भात तापव' म्हणताना जीभ दातांवर टेकते, क्षणभर तिथेच थांबते आणि एकदाच सुटते. कृत्रिम वाचणारा माणूस इथे हमखास ओळखू येतो, तो पहिला 'त' सोडतो, मधे बारीकशी हवा जाते आणि मग दुसरा 'त' मारतो. मायक्रोफोन जवळ असल्यामुळे ती हवा पण रेकॉर्ड होते.

आकड्यांत हे सगळं एकवटतं. पाचशे रुपये बाजारात 'पाश्शे रुप्ये' असतात. 'एकोणीसशे बासष्ट' कुणी सुटं म्हणत नाही, 'एकोणिश्शे'च ऐकू येतं. छापील संहितेत आकडे अंकांत लिहिलेले असतात, म्हणून तिथे उच्चाराची खूण करायची राहते आणि ऐन वेळी वाचक 'पाच-शे' असं दोन पायऱ्यांत उतरतो. आकडा दिसला की शेजारी अक्षरांत लिहून ठेवा.

महाप्राणांचं एक राहिलं. शब्दाच्या शेवटी ते दमतात. दूध बहुतेकांच्या तोंडी 'दूद'च्या जवळ असतं आणि स्वर मिळाला की 'दुधात' श्वास परत येतो. म्हणून 'दूध'मधल्या 'ध'वर जोर देऊन फुंकर मारू नका. मायक्रोफोनसमोर ती फुंकर वाऱ्यासारखी वाजते.

ह आणि आहे

मराठीत दोन स्वरांमधला 'ह' म्हणजे पातळ पडदा, झुळूक आली की बाजूला. वहिनी, 'वैनी'. नाही, 'नाई' किंवा 'नै'. राहिला, 'रायला'. दहा वाजता, 'धा वाजता'. इथे 'ह' गेला नाही, मागच्या 'द'वर जाऊन बसला. पाहिजे, 'पायजे'. तुम्हाला, 'तुमाला'.

'आहे' हा तर या सगळ्याचा राजा. तो स्वतंत्र शब्द म्हणून फार थोड्या वेळा बोलला जातो. झालं आहे, 'झालंय'. करतो आहे, 'करतोय'. करतो आहेस, 'करतोयस'. नको आहे, 'नकोय'. काय आहे, 'काये'. कुठे आहे, 'कुठेय' नाहीतर 'कुठाय'. 'होता' मात्र असा सहसा वितळत नाही, 'आला होता' हे 'आला होता'च राहतं. म्हणून एका परिच्छेदात 'आहे' आणि 'होता' मिसळलेले असतील तर चालीत आपोआप फरक पडतो, तो पुसू नये.

आता गोम. 'आहे' प्रत्येक ठिकाणी वितळवला तर वाक्याचा अर्थ पडतो. 'देव आहे' याचं 'देवाय' करून बघा. जिथे 'आहे' म्हणजे खरोखर असणं, अस्तित्व, ठामपणा, तिथे तो पुरता म्हणायचा. 'मी आहे ना!' यात सगळा धीर 'आहे'मध्ये आहे. जिथे तो नुसता क्रियापदाला टेकू देतो, तिथे वितळवायचा. मी संहितेवर पहिल्या वाचनात फक्त 'आहे' शोधते, टेकूवाल्यांवर काट मारते आणि खऱ्यांभोवती गोल करते. एवढ्याने निम्मं काम होतं.

प्रदेशाचं भान ठेवा. वऱ्हाडात 'करून रायला' हा चालू काळ आहे, आणि मालवणीत 'मी जातंय' हे पुण्यातल्या 'जातंय'सारखं नपुंसकलिंगी नाही, 'मी जातो'च आहे. पात्र तिथलं असेल तर तिथल्या माणसाकडून वाचून घ्या. आपण अंदाजाने केलेली वऱ्हाडी नागपूरच्या श्रोत्याला दोन वाक्यांत कळते.

लांबी आखूड होते तेव्हा

मराठीत इ-ई आणि उ-ऊ यांचा ऱ्हस्वदीर्घपणा बराचसा जागेवर ठरतो. मूल, फूल, गरीब: शेवटून दुसरा स्वर लांब. प्रत्यय लागला की मुलाला, फुलाला, गरिबाला: तो आखूड. शब्दाचं वजन पुढे सरकलं म्हणून मागचं अक्षर हलकं झालं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम राज्य सरकारने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियम जोडले गेले. त्यांतला हा ऱ्हस्वदीर्घाचा भाग मुलांना जाच वाटतो, पण तो मुळात उच्चाराच्या याच चालीची नोंद आहे. (तत्सम शब्दांना सूट दिली आणि तिथेच सगळ्यांचं डोकं फिरतं, ते वेगळं.)

नियम जे लिहीत नाहीत ते असं, की ही चाल शब्दापाशी थांबत नाही. शब्दाच्या शेवटची ई-ऊ आपण बहुधा दीर्घ लिहितो: मी, तू, आई, साधू. सुटा शब्द म्हटला तर खरंच लांब असतो. वाक्यात शिरला की 'मी आलो'मधला 'मी' कसाबसा 'मि' उरतो. 'जाऊ दे'चं 'जाउदे' होतं, घाईत 'जौदे'. उलट, विरामाच्या आधीचं अक्षर लांबतं. 'मी आलो, तू?' यात 'तू' ताणला जातो. नवखे वाचक प्रत्येक दीर्घ अक्षर सारखंच ताणतात आणि वाक्य रेल्वेच्या डब्यांसारखं खडखडत जातं.

'अव'चा 'औ' होणंही इथलंच: लवकर, 'लौकर', अवघड, 'औघड'. यावर मी कधीच लाल खूण करत नाही. दोन्ही चालतात.

जोर कुठे?

इंग्रजी बोलण्याचे वर्ग केलेली मंडळी मराठी वाचतानाही प्रत्येक शब्दात एक अक्षर ठोकतात. इंग्रजीत आघात शब्दाला बांधलेला असतो, जागा बदलली तर 'रेकॉर्ड' हे नाम आहे की क्रियापद ते बदलतं. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपला जोर वाक्याचा असतो, आणि तो आवाज मोठा करून येत नाही. स्वर ताणून आणि चढवून येतो.

'तू काय खाणार?' हे तीन शब्द घ्या. 'काय' चढवा: काऽय? पदार्थ विचारलाय, उत्तर 'थालीपीठ'. आता 'काय' दाबून टाका, 'खा'वर ताणा: तू‿काय खाऽणार! हा प्रश्नच नाही; म्हणणारा म्हणतोय की तुला खाता यायचं नाही, राहू दे. 'तू' चढवला तर तिसरं निघतं: बाकीच्यांचं कळलं, तुझं सांग. कागदावर तिन्हींत फारसा फरक नाही, फार तर उद्गारचिन्ह. पटकथेत असं वाक्य आलं तर मागचं-पुढचं पान वाचल्याशिवाय ते मुद्रित करू नका. आम्ही एकदा चुकीच्या जोराने केलं होतं. पुढच्या प्रसंगात पात्र रुसून निघून जातं आणि श्रोत्याला कळेना की हिला राग कशाचा आला.

मराठीला जोर दाखवायला शब्दयोगी हत्यारंही आहेत: च, ही, तर, ना. 'मीच काल आलो' आणि 'मी कालच आलो'. 'च' ज्याला चिकटतो त्या शब्दाचा स्वर ताणायचा, 'च'ला स्वतःला नाही. 'मीऽच', तसंच 'काऽलच', 'कालऽच' नव्हे. हा 'च' 'चमचा'तला आहे, 'चहा'तला नव्हे. तालव्य, म्हणजे टाळूवरचा, केलात तर लगेच खटकतं. 'च' नसेल तेव्हा क्रियापदाच्या लगेच आधीचा शब्द बहुधा जोराचा धनी असतो. 'आईला पुस्तक दिलं' यात पुस्तक. 'पुस्तक आईला दिलं' यात आई.

आणि जोर दिला की त्याच्या पुढचं सगळं सपाट होतं. हे फार महत्त्वाचं. वर सांगितलेली विरघळणं, चिकटणं, बुडणं बहुतेक याच सपाट भागात घडतात. ज्या शब्दावर जोर आहे तो स्वच्छ, सुटा. त्यापुढचे घसरत जाणारे. म्हणून आधी जोर ठरवा, मग बदल आपोआप कुठे यायचे ते कळतं. उलट क्रमाने केलं तर प्रत्येक शब्द सारखाच घसरडा होतो आणि पात्र झोपेत बोलतंय असं वाटतं.

खुणा करून एक उतारा

पेन्सिल घ्या. शब्द जोडायचे तिथे खालून कमान ‿, थांबायचं तिथे उभी रेघ |, स्वर ताणायचा तिथे ऽ. बुडणाऱ्या अ-साठी पाय मोडायचा. एवढ्या चार खुणा पुरतात; यापेक्षा जास्त केल्या तर वाचताना संहितेऐवजी खुणाच वाचल्या जातात.

छापील असं आहे. बोलणाऱ्या बाई साठीच्या, नवऱ्याशी बोलताहेत:

'अहो, ऐकलंत का? सात दिवस झाले, दूध घेऊन येणारा मुलगा आलेलाच नाही. त्याला काय झाले आहे कोणास ठाऊक. उद्या तुम्हीच जाऊन पाहून या आणि येताना पाचशे रुपयांचे तूप घेऊन या.'

आणि ही संहिता:

अहो | ऐक्लंत‿का? | साऽद्‿दिवस झाले | दूद‿घेउन्‿येणारा मुल्गा | आलेलाऽच नाही | त्याला काय्‿झालंय कोणास्‿ठाउक | उद्या तुम्हीऽच जाउन्‿पाहून्‿या | आणि येताना | पाश्शे रुप्यांचं तूप‿घेउन्‿या.

पहिला जोर 'सात'वर दिलाय, कारण बाईंची तक्रार दिवसांची आहे. 'द्' जोडाक्षर झाला तरी आधीचा 'सा' ताणता येतो. 'झाले आहे'चा टेकू काढला. 'कोणास ठाऊक' म्हणताना 'स'ची जीभ 'ठ'च्या ओढीने किंचित मागे वळते, वळू द्या. 'तूप' जोराचा शब्द नाही, पण शेवटच्या गटात तोच नवा माल आहे, म्हणून 'तू' पूर्ण लांब ठेवायचा. 'दूध'चं 'दूद' केलं तरी इथे पुढच्या 'घ'ने श्वास भरून येतो. 'नाही' मी पूर्ण ठेवलं. 'नै' केलं असतं तर बाई आणखी वैतागलेल्या वाटल्या असत्या; तो निर्णय दिग्दर्शकाचा.

हा उतारा आधी पदपाठासारखा सुटा म्हणा, मग संहितेसारखा, मग कागद बाजूला ठेवून. तिसऱ्या वेळी मूळ शब्द थोडे बदलले तरी चालतील, चाल पकडायची आहे.

किती सोडायचं

सगळेच बदल सगळीकडे करायचे नसतात. बुडणारा अ, अनुनासिकांची जागा, सारखी व्यंजनं एकत्र होणं, वाक्यातली ई-ऊ आखूड होणं, हे बातम्यांपासून लग्नाच्या निवेदनापर्यंत कुठेही करायचंच. न केलं तर चूक.

'आहे'चा 'य', 'झाले'चं 'झालं', 'पाचशे'चं 'पाश्शे', घोष-अघोष बदल, हे प्रसंग बघून. गोष्टीतल्या निवेदकाची भाषा लेखकाने 'त्याने सांगितले' अशी ठेवली असेल तर मी ती 'सांगितलं' करत नाही; संवादात आलं तर करते. लेखक हयात असेल तर विचारते. बहुतेक लेखक म्हणतात, करा. एक-दोन जण म्हणाले, छापलंय तसंच वाचा, आणि त्यांच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं. त्यांची वाक्यं त्या 'ले'वरच उभी होती.

'पायजे', 'आमी', 'धा', 'रायला' फक्त पात्राच्या तोंडी. आणि तेही त्या पात्राने पहिल्या वाक्यापासून तसं बोलायला हवं. पहिल्या प्रकरणात 'पाहिजे' आणि चौथ्यात 'पायजे' झालं की श्रोता विचारात पडतो, हा गावी जाऊन आला का?

मुद्रण झालं की लगेच तपासू नका. दुसऱ्या दिवशी, संहिता घरी ठेवून, चालताना ऐका. कान अडेल ती वेळ फोनमध्ये टिपून ठेवा. घरी येऊन त्या जागा उघडते तेव्हा मला बहुतेक वेळा सापडतं ते एकच. तिथल्या कुठल्यातरी टेकूवाल्या 'आहे'वर काट मारायची राहिलेली असते.